गोधकाचा हरगोल

एक भिक्षू भिक्षा मिळणारे घर सोबत्यांपासून लपवतो, हे कळल्यावर शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही मागल्या जन्मीची कथा सांगितली. पूर्वी चंपानगरीत उग्रदत्त राजा गादीवर होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी एका बुरुडाच्या घरी जन्म घेतला होता. बांबूच्या कामट्या विणायच्या, बाहेरून कातडे शिवायचे आणि टोपलीसारख्या गोल होड्या करायच्या, हा त्यांचा धंदा. या होडीला हरगोल म्हणतात. एकटा माणूस ती डोक्यावर घेऊन चालू शकतो. बोधिसत्त्व लाकडाच्या डोणीही करीत, पण त्यांचे नाव होते ते हरगोलासाठी.

नगरापासून दिवसभराच्या वाटेवर कोळ्यांची एक वाडी होती. तिथे गोधक नावाचा कोळी राही. माणूस कष्टाळू, पण भारी संशयी. शेजाऱ्याने सहज 'बरे आहे ना?' विचारले, तरी याच्या कपाळाला आठी, की हा आज का बरे चौकशी करतो? विश्वास काय तो एका बायकोवर, उत्पलीवर, आणि तिच्यापासूनही निम्मे लपवायचा.

त्या वर्षी नदी आटली. वाडीतल्या चुली थंड पडल्या. उत्पलीचे दिवस भरत आले होते आणि ती बिचारी उकडलेल्या पाल्यावर दिवस काढत होती. अशात गोधकाला डोंगराच्या कुशीत एक तळे सापडले. पाणी खोल, गार आणि मासळीने भरलेले. पण मासळी सगळी मध्यावर, काठावरून हाती काही लागेना. होडी न्यावी, तर वाट दोन कड्यांच्या फटीतून, तीही अंग चोरून जाण्याइतकी.

नेमकी तेव्हाच राजाने दवंडी पिटवली. राजाच्या स्वयंपाकघराला मासे पुरत नाहीत, जो कोणी नवे पाणी दाखवील त्याला एक गाव इनाम तोडून मिळेल. राजाची माणसे आली तर महिन्याभरात तळे खरवडून नेतील आणि वाडी उपाशी मरेल, हे गोधकाने ओळखले. त्याने तोंडाला कुलूप घातले. उत्पलीच्या पायांतली चांदीची वाळी कमरेला खोचली आणि तो बोधिसत्त्वांच्या अंगणात येऊन उभा राहिला.

म्हाताऱ्या बोधिसत्त्वांनी त्याला पाणी दिले आणि विचारले, होडी न्यायची ती वाट केवढी? चढ किती? तळ खडकाचा की चिखलाचा? झाले! गोधकाच्या मनात पाल चुकचुकली. म्हाताऱ्याला गाव हवे आहे तर. तो ठोकून मोकळा झाला, की वाट सपाट आहे, गाडी जाईल एवढी रुंद आहे आणि तळाला मऊ चिखल आहे.

त्याची कोपरे दोन्ही बाजूंनी खरचटलेली होती. बोधिसत्त्वांनी ती पाहिली, पण त्याला खोटे पाडले नाही. ते म्हणाले, "वाट मला सांगू नका, दादा. मी तुमच्याकडे पाठ फिरवून बसतो. एकेक होडी डोक्यावर घ्या आणि तुमची वाट मनात आणून या अंगणातच चालून बघा. जी शेवटपर्यंत जाईल, ती तुमची."

होडी घ्यायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला ते असेच चालायला लावीत. गोधकाने आधी डोण उचलली. पहिल्याच चढाला मान मोडायची वेळ आली. मग मोठा हरगोल घेतला. तो मनातल्या कड्यांपाशी अडकला, आडवा करावा तरी जाईना. शेवटी अगदी लहान, एकाच माणसाचा हरगोल कडेवर उभा धरून तो फटीतून पार झाला. एवढे होईपर्यंत त्याने दहा वेळा वळून पाहिले, की म्हातारा रांजणातल्या पाण्यात आपले प्रतिबिंब तर बघत नाही ना. बोधिसत्त्व डोळे मिटून कामट्या सोलत होते.

वाळी घेताना त्यांनी बजावले, की हरगोल कोरडा पाण्यात लोटायचा नाही, अर्धा दिवस काठाशी बुडवून ठेवायचा. कातडे फुगते, टाके मिटतात, मगच आत बसायचे. गोधकाने मान हलवली खरी, पण नजर दुसरीकडे. अर्धा दिवस? म्हणजे मागून येऊन तळे बघायला याला अर्धा दिवस मिळावा!

तो मुद्दाम लांबचा वळसा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तळ्यावर पोचला आणि हरगोल कोरडाच पाण्यात लोटून आत बसला. पहिल्याच फेकीला जाळे जड झाले. त्याला आनंदाने रडू आले. तेवढ्यात पाय ओले लागले. टाक्याटाक्यांतून पाणी आत येत होते. तो ओंजळीने उपसू लागला, जाळ्यात पाय गुंतला आणि हरगोल कलंडला.

कड्यांच्या फटीतून एक माणूस बाहेर आला. कमरेला सुके भोपळे, खांद्यावर दोर. ते बोधिसत्त्व होते. नाकातोंडात पाणी चालले होते, तरी गोधकाच्या मनात पहिले आले ते हेच, की बघा, मी म्हणत नव्हतो!

बोधिसत्त्व भोपळ्यांवर तरंगत आले. त्यांनी सुरीने जाळे कापले, त्याला दोराने बांधले आणि काठाला ओढून आणले. धाप लागलेली असतानाच गोधकाने विचारले, "राजाकडे कधी जाणार?"

"तुम्ही टाके मिटू देणार नाही, हे मला तुमच्या नजरेवरूनच कळलं, म्हणून मागोमाग निघालो," बोधिसत्त्व म्हणाले. "तळंच हवं असतं, दादा, तर मी काठावर नुसता बसून राहिलो असतो."

दोघांच्या वयात तीस वर्षांचे अंतर, आणि हा म्हातारा आपल्यासाठी गार पाण्यात उतरला, हे गोधकाला आता दिसले. तो त्यांच्या ओल्या पायांवर डोके ठेवून ढसढसा रडला.

पुढे राजाचा माणूस नव्या पाण्याच्या चौकशीला बोधिसत्त्वांकडे तीनदा आला. दुसऱ्याचे पाणी सांगणे आपल्या धंद्यात नाही, एवढेच बोधिसत्त्व म्हणाले, आणि इनामाचे गाव हातचे गेले ते गेले. गोधकाने मात्र घरी जाऊन अख्खी वाडी गोळा केली आणि तळ्याची वाट घराघराला स्वतःच्या तोंडाने सांगितली. उत्पलीला मुलगी झाली, तेव्हा वाडीत एकही चूल थंड नव्हती.

एवढे सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, आज भिक्षेचे घर सोबत्यांपासून लपवणारा हा भिक्षूच तेव्हा गोधक होता. उत्पली ही आजची भिक्षुणी सुमेधिनी. आणि ज्याच्याकडे संशयाने पाहिले गेले, तरी जो मनात कडवटपणा न धरता दोर घेऊन निघाला, तो बुरूड मीच होतो. या गुणाला क्षांती म्हणतात."