हेमवतीचा बांध

एका राज्यात दोन राजे होते, आणि तिथेच सगळं बिनसलं होतं. हेमवती नदीच्या उजव्या तीरावर भानुकेतू, डाव्या तीरावर रणधवल. पाण्यावरून दोघे असे भांडले की नदीचा बांध फुटला आणि एका मांत्रिकाची झोपडी वाहून गेली. मांत्रिक संतापला. "दोन्ही तीरं एका बांधाचं पाणी पिईपर्यंत इथे दाणा पिकणार नाही," तो म्हणाला, "आणि मध्ये पडणारा तीनदा चुकला, तर त्याची शिळा होईल!"

समुद्रापलीकडच्या सम्राटाला या राज्यातून व्यापाराची वाट हवी होती. तेव्हा त्याला इथल्या लोकांची भारी कणव आली. त्याने आपली जादूगारीण वसुमित्रा पाठवली. शाप ऐकून ती हसली.

तिने कांडी फिरवली. घटकाभरात संगमरवरी बांध उभा राहिला, वर सम्राटाची मुद्रा. पण त्याचं पाणी कुणी प्यायलं नाही. उलट, ही परकी बाई समोरच्यानेच आणली असं दोघांनाही वाटलं आणि तलवारी निघाल्या. वसुमित्रा गुडघ्यांपर्यंत दगड झाली.

मग तिने दोन्ही राजांना कधीही न आटणारं कोठार दिलं. धान्य गेलं फौजांच्या पोटात. सैनिक दुप्पट जोमाने लढू लागले. वसुमित्रा कमरेपर्यंत दगड झाली.

एक धनेश पक्षी तिच्या खांद्यावर येऊन बसला.

"पाखरा, हे लोक पाणी का पीत नाहीत?"

"दोन दानं देऊन झाली, आणि आता विचारता?" धनेश म्हणाला. "इथे बांधात घरटी एक दगड लागतो. ज्या घराचा दगड नाही, ते त्या पाण्याला शिवत नाही. तुमच्या बांधात कुणाचा आहे?"

तिला मरायचं नव्हतं. तिने कांडी उचलून स्वतःचाच बांध फोडला. आवाजाने दोन्ही राजे धावत आले.

"राजेहो," ती म्हणाली, "बांध कसा घालावा, ते मला सांगा."

"उजवीकडून सुरुवात करावी," भानुकेतू म्हणाला.

"डावीकडून!" रणधवल गरजला.

झालं! दोघे हमरीतुमरीवर आले, आणि इकडे दगड वसुमित्रेच्या गळ्याशी आला. तेवढ्यात डाव्या तीरावरची येसू आजी पात्रात उतरली.

"बाई मरायला टेकलीय, आन् तुम्ही टोकं कसली धुंडाळताय?" असं म्हणून तिने आपला धोंडा बरोब्बर मधोमध ठेवला.

डावं तीर एका दगडाने पुढे? उजव्या तीराला हे कसं सोसावं! तिथली एक कुंभारीण धोंडा घेऊन धावली. मग डावीकडचे चौघे, उजवीकडचे दहा. शेवटी मुकुट काठावर ठेवून राजेही दगड वाहू लागले. ईर्ष्येपोटी का होईना, सूर्य मावळायच्या आत बांध उभा राहिला. दोन्ही तीरांनी ओंजळी भरल्या. त्याच क्षणी शेतांत हिरवे कोंब फुटले, आणि वसुमित्रेच्या अंगावरचा दगड खपल्यांसारखा गळून पडला. ती मनसोक्त रडली.

"काय हवं ते मागा," राजे एका सुरात म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"एक घोडा द्या," वसुमित्रा म्हणाली. "याआधी मी अठ्ठावीस राज्यांत बांध घातलेत. तिथलं पाणी कुणी पितं का, ते मला बघून यायचंय."