घुशींविषयीचे एक वाक्य

त्या राज्यात नदीकाठ सगळ्यांना हवा होता, पण पुराची सवय फक्त घुशींना होती. हरणे, मोर आणि ससे वरच्या माळावर राहत, तिथून पाण्याकडे पाहत आणि घुशींनी काठ पोखरून टाकला म्हणून हळहळत. घुशी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच होत्या. दर पावसाळ्यात बिळे बुडत. पाणी ओसरले की त्या पुन्हा उकरायला लागत.

माळाच्या कडेला, जांभळींच्या सावलीत विद्यापीठ होते. तिथे एक टिटवी नगरांचा अभ्यास करी. नगर कसे वसते, कारभार कोण पाहतो आणि कारभाऱ्याच्या कानापर्यंत कोणाचा आवाज पोहोचतो, हा तिचा विषय. ती शिकवीतही असे. तिच्या विद्यार्थ्यांत एक काळवीट होता. तास संपल्यावरही तो प्रश्न विचारत तिच्या मागे मागे येई. घुशींबद्दल वर्गात कोणी हसले, तर त्याला राग येई. टिटवीला तो त्यासाठीच आवडे.

पुढे तो नगराध्यक्ष झाला. निवडून आल्यावर तो पहिल्यांदा तिच्याकडे आला आणि शिंगे जमिनीला टेकवून म्हणाला, "बाई, माळावरची मंडळी काठ रिकामा करा म्हणून माझ्या मागे लागली आहेत. त्यांना उत्तर द्यायला माझ्याजवळ काही हवं. तुम्ही काठ समजून घ्या आणि मला समजावून सांगा."

टिटवी काठावर गेली. घुशींत धोंडाक्का म्हणून एक वयस्कर घूस होती, तिचा शब्द सगळ्या मानत. तिने टिटवीला बिळाबाहेरच थांबवले.

"आमच्याबद्दल लिहून काय करणार?"

"तुमची घरं इथंच राहावीत म्हणून लिहिणार," टिटवी म्हणाली.

धोंडाक्काने बाजूला सरून वाट दिली.

टिटवी पावसाळाभर तिथे राहिली. घुशींनी तिला सगळे दाखवले. पाणी वाढले की पिल्ले कोणाच्याही उंचावरच्या बिळात ठेवली जात, आणि कोणाची कोणती हे पूर ओसरेपर्यंत कोणी विचारत नसे. जिचे बीळ ढासळले तिचे आधी उकरायचे, मग स्वतःचे. एकदा पंख भिजून टिटवीच पाण्यात अडकली, तेव्हा धोंडाक्काने तिला पाठीवर घेऊन उंचवट्यावर आणले. त्याचा उल्लेख पुन्हा कधी केला नाही.

टिटवीने अहवाल लिहिला. घुशींविषयी तिच्या मनात जे दाटले होते ते तिने एका वाक्यात आणले: "कुठल्याही जमिनीवर ठेवा, एकमेकींच्या आधाराने घर उभे करण्याचे सामर्थ्य घुशींत आहे." ते वाक्य तिला फार आवडले. त्याच्या पुढे तिने लिहिले की, हे सामर्थ्य याच काठाने घडवले आहे, म्हणून काठ त्यांच्याकडेच असावा.

नगरसभा भरली त्या दिवशी काळविटाने तिला स्वतःच्या शेजारी बसवले. सगळा माळ लोटला होता. त्याने तिचे नाव आदराने घेतले, मग ते वाक्य वाचले. स्पष्ट, खणखणीत आवाजात. वाचून तो थांबला आणि म्हणाला, "तेव्हा आपण कोणावरही अन्याय करत नाही. घुशींना टेकडीमागची जागा देऊ. काठावर नगरासाठी कुरण करू."

टेकडीमागे नुसता खडक होता. टाळ्या पडू लागल्या. टिटवी उठली. "पुढचं वाक्य वाचा," ती म्हणाली.

"पुढचंही उत्तमच आहे, बाई," काळवीट हसून म्हणाला. "पण वेळ थोडा आहे."

सभा संपल्यावर तिने त्याला वाटेत गाठले. "तू मला काय सांगून पाठवलं होतंस?"

"तेव्हा मनापासूनच सांगितलं होतं," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण माळाशी भांडून मी किती दिवस टिकणार? आणि मी खोटं काय वाचलं, बाई? एक शब्द तरी बदलला का?"

त्याने शब्द बदलला नव्हता. त्याने पूर्वीसारखीच शिंगे जमिनीला टेकवली आणि तो निघून गेला.

ती कुलगुरूंकडे गेली. कुलगुरू कासव होते. त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले. "काठाच्या कुरणात विद्यापीठालाही एक तळं मिळतंय," ते म्हणाले. "तुमच्या अभ्यासाची राज्याने दखल घेतली. हे भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं? आता वाद नको." एवढे बोलून त्यांनी मान आत घेतली.

घुशी काठ सोडून निघाल्या तेव्हा टिटवी वाटेवर उभी होती. कोणी रडत नव्हते. पिल्ले तोंडात धरून त्या एकीमागून एक चढण चढत होत्या. धोंडाक्का तिच्याजवळ थांबली.

"आमच्याबद्दल लिहिलंत ते खरं मानूनच लिहिलंत ना, बाई?"

"हो. खरं मानूनच."

"मग झालं," धोंडाक्का म्हणाली आणि रांगेत मिसळली.

टिटवीने शिकवणे सोडले. काळविटाने माझा विश्वास मोडला, असे ती जो भेटेल त्याला सांगे, आणि ऐकणारे मान हलवून कुरणाकडे फिरायला जात. शेवटी तिने ठरवले की नवा अहवाल लिहायचा. खडकावर घुशींचे कसे हाल होत आहेत ते जगापुढे मांडायचे आणि आधीचे वाक्य पुसून टाकायचे.

पुढचा पावसाळा सरल्यावर ती टेकडीमागे गेली. धोंडाक्का उन्हात बसली होती. तिने टिटवीला बसायला सपाट दगड दिला, पाणी दिले.

"इथं कसं चाललंय, धोंडाक्का? मला सगळं खरं सांग."

"काय सांगायचं?" धोंडाक्का सावकाश म्हणाली. "आम्हाला इथं काहीच जमत नाही. उकरता येत नाही. कोणी कोणाला विचारत नाही. आम्ही फार दुबळ्या आहोत, बाई. तसंच लिहा."

बोलताना तिने पुढचे पंजे पोटाखाली ओढून घेतले. त्यांच्यावर ओल्या खडकाची ताजी भुकटी चिकटली होती.

टिटवी उठली आणि उतारावरून चालू लागली. दोन्ही बाजूंना, खडकात उकरलेल्या बिळांच्या तोंडांवर, वाळक्या पाल्याचे ढीग होते. ती जवळ आली की एखादा ढीग किंचित हले, आणि आतून कोणीतरी आणखी एक पान ओढून उरलेली फट बुजवून टाकी.