मार्गदर्शनाची चाळीस मिनिटं

“सोमवारपासून प्रत्येक मुलाला रोज चित्रकला आणि रोज खेळ!” संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब निकुंभ यांनी टेबलावर मूठ आपटली. शाळेच्या माहितीपुस्तिकेत त्यांनी तसं छापून टाकलं होतं, आणि पालकांनी ती चक्क वाचली होती!

“पण वेळ कुठून काढायचा?” मिठबावकर बाईंनी विचारलं. त्या चित्रकला शिकवायच्या. म्हणजे शनिवारी एक तास, आणि तोही गणिताच्या सरांनी मागून घेतला नाही तर.

“ते तुम्ही बघा! अभ्यासाचं एक मिनिट कापायचं नाही, शाळा उशिरा सोडायची नाही, मधली सुट्टी तेवढीच. आणि परिपाठातल्या माझ्या मार्गदर्शनाला तर हातच लावायचा नाही! जमत नसेल, तर चित्रकलेच्या बाईंची आणि खेळाच्या सरांची या शाळेला गरजच काय?”

बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. अकरा वर्षं नोकरी केली, कायम कधी झाल्या नाहीत, आणि आता हे! दोन दिवस सगळ्या शिक्षकांनी वेळापत्रकाशी झटापट केली. एक मिनिट सुटेल तर शपथ.

शेवटी चहा घेऊन आलेल्या सगुणामावशी बोलल्या. शाळेची घंटा त्यांच्या हातात असायची. “रडू नका, बाई. सोमवारी फकस्त घंटा माझ्या मनानं वाजवू द्या.”

अण्णासाहेबांचं मार्गदर्शन म्हणजे रोज सकाळी मैदानावर चाळीस मिनिटं. उजवा हात वर, विषय शिस्त. रोज दोन-तीन मुलं चक्कर येऊन पडत. अण्णासाहेबांना वाटे, भारावली!

सोमवारी त्यांनी हात वर केला आणि घंटा घणघणली. अर्धी मुलं कागद घेऊन समोर बसली आणि त्यांचंच चित्र काढू लागली. उरलेली मैदानाला फेऱ्या मारत पळू लागली. वीस मिनिटांनी पुन्हा घंटा! पळणारी बसली, बसलेली पळाली. अण्णासाहेब चक्रावले, पण मध्येच थांबायची त्यांना सवयच नव्हती.

भाषण संपताच ते कडाडले, “हा काय पोरखेळ मांडलाय?”

“एक मिनिट बी कापलं न्हाई, सायेब,” मावशी म्हणाल्या. “कर्ण्याचा आवाज मैदानभर जातो, पळणाऱ्याला बी ऐकू येतो. आन् चाळीस मिनिटं न हलता हुभा ऱ्हाणारा मानूस बाईंना दुसरा कुठं घावायचा?”

अण्णासाहेबांनी चित्रांचा गठ्ठा ओढला. हात बरोबर, मिशा बरोबर. पण प्रत्येक चित्रात तोंड हे एवढं उघडं!

“एकालाही माझं तोंड मिटलेलं काढता येऊ नये?”

“काढलं असतं की, सायेब! पन जे दिसंल तेच काढायचं, असं बाईंनी बजावलं हुतं!”

अण्णासाहेबांनी पुन्हा एकेक चित्र उलटलं: उघडं तोंड, उघडं तोंड, उघडं तोंड! आणि अण्णासाहेब पोट धरधरून हसले! बाईंना कायम केल्याच्या कागदावर त्यांनी तिथंच सही ठोकली, खेळाच्या सरांना अभय दिलं आणि मावशींना भर परिपाठात पैठणी द्यायचं जाहीर केलं. मार्गदर्शन मात्र चाळीस मिनिटंच राहिलं. आता ते मुलांनाच कमी पडायला लागलं!