भोंग्याला दिसलेला डोळा

फार मागची गोष्ट. उत्तरेकडच्या बर्फाळ किनाऱ्याने एक बोट माणसांना प्राणी दाखवत फिरायची. देवमासा दिसला की तांडेल दोरी ओढायचा आणि बोटीचा भोंगा जीव तोडून ओरडायचा, "आला, आला!" माणसं धावत यायची, तोवर पाण्यावर नुसती शेपटी उरलेली असायची.

"भारीच शिष्ट बुवा हे देवमासे," भोंगा कुरकुरायचा. "आपण एवढं स्वागत करावं, तर हे पाठ फिरवून चालते होतात."

एका सकाळी भोंग्याच्या घशात बर्फ साचलं. तांडेलाने दोरी ओढली, पण आवाज निघेना. तेवढ्यात एक देवमाशीण पिल्लाला घेऊन थेट बोटीपाशी आली. पिल्लाने डोकं वर काढून भोंग्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत भोंग्याला पहिल्यांदाच कुणा देवमाशाचा डोळा दिसला.

हळूहळू उन्हाने बर्फ वितळलं. "आता वाजेल बघा!" म्हणत तांडेलाने पुन्हा दोरी ओढली. भोंग्याने श्वास घट्ट रोखून धरला.

"आई, याला बोलता येत नाही का गं?" पिल्लाने विचारलं.

"येतं की. खूप मोठ्याने येतं," आई म्हणाली, आणि पिल्लाला आणखी जवळ घेऊन आली.