हिंगाच्या बोटांचा अत्तरवाला

दिवसा एकाची नोकरी आणि संध्याकाळी स्वतःचा धंदा करणाऱ्यावर विश्वास ठेवावा का हो? थांबा, आधी ऐका.

एका पेठेत एक अत्तरवाले शेठ होते. त्यांच्या नोकराला स्वतःचं दुकान थाटायची भारी हौस. त्याने विचारलं, “शेठ, घरी हिंग विकू का?”

“विक की! पण दिवे लागल्यावर. दिवसा तुझे हात माझे.”

“कबूल, शेठ.”

हिंग असा खपला, की संध्याकाळ पुरेना. दुपारी शेठ गादीवर घोरत, गिऱ्हाईक फिरकत नसे. ‘वेळ वायाच तर जातोय,’ म्हणत नोकर गल्ल्याआड हिंगाच्या पुड्या बांधू लागला. गिऱ्हाईक आलं की हात धोतराला पुसायचे आणि अत्तराची कुपी भरायची! दोन्ही वासांत राहून त्याच्या नाकाला काही कळेनासंच झालं होतं.

अशीच एक कुपी एका लग्नात गेली. वऱ्हाडाच्या हातांना अत्तर लागलं मात्र, नवरदेवाचा मामा उठला. “चला, फोडणी पडली! पानं वाढली वाटतं!” त्याच्यामागे अख्खं वऱ्हाड उठलं. भटजींनीही आवंढा गिळून मंगलाष्टकं दोनावरच आटोपली. आचारी अजून चूल पेटवत होता!

दुसऱ्या दिवशी वधूपिता कुपी घेऊन दुकानात हजर. “शेठ, हे अत्तर की आमटी?”

तेवढ्यात नोकराला शोधत शेजारच्या काकू आल्या. “मेल्या, तुझ्या हिंगानं माझ्या वरणाला गुलाबाचा वास! मामंजी विचारतात, हे जेवू की फाया करून कानात घालू?”

शेठनी नोकराची बोटं हुंगली. नोकराला वाटलं, ‘नोकरीही गेली आणि हिंगही!’

“शेठ, रिकाम्या वेळातच करत होतो हो.”

“वेळ रिकामा होता रे, पण माझा होता. तू विचारलंस, मी हो म्हटलं. मग चोरून कशाला?”

नोकराची मान खाली गेली. त्याने वधूपित्याला आपल्या पगारातून नवी कुपी दिली, काकूंना नवी पुडी. मग म्हणाला, “शेठ, उद्यापासून दुपारी पेंगेन, पण पुडी बांधणार नाही.”

शेठना हसू फुटलं. “पेंगायला मी आहे. तू कुप्या घास!”

महिनाभर त्याने राखेने कुप्या घासल्या. हिंगाचा धंदा मंदावला, पण बुडाला नाही. पुढे त्याचं स्वतःचं दुकान झालं. पहिलं गिऱ्हाईक शेठच. आणि त्याने नोकर ठेवला, तेव्हा नावगाव विचारण्याआधी त्याची बोटं हुंगली!

तात्पर्य: दोन कामं खुशाल करा, पण एकाचा वेळ दुसऱ्याच्या पुडीत बांधू नका. आणि मंडळी, एवढं माझं ऐका: पैशांसारखाच तासांचा हिशेबही प्रामाणिकपणे ठेवा.