पालीची साक्ष

फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका शहरात विसाजी तांबटाच्या दुमजली घराच्या भिंतीला भेग होती आणि त्या भेगेत एक पाल राहायची. जिथे अंग चोरून शिरावं लागे, तिथे ती हल्ली ऐसपैस मावू लागली. पोटाखालची भिंतही अधूनमधून थरथरे. आता शहर हलणार, हे तिला उमजलं.

विसाजी शेजाऱ्यांना सांगत होता, "हे घर नातवंडांच्या नातवंडांना पुरेल."

"बाहेर पडा! भिंत पडणार!" पाल जीव तोडून ओरडली.

माणसांना नुसतं चुकचुकणं ऐकू आलं. बोलताना पाल चुकचुकली की बोललेलं खरं, अशी तिथली समजूत. विसाजीने जमिनीवर टिचक्या मारल्या. "बघा, पालसुद्धा खरं म्हणते!"

ती रोज ओरडायची आणि घर रोज खूश व्हायचं.

मग एका दुपारी जमीन हलली. पाण्याला गेलेली विसाजीची बायको बयाबाई परतली, तेव्हा सगळं शहर मातीला मिळालं होतं. ढिगाऱ्याखाली विसाजी होता, नातवंडं होती.

"एका शब्दाने तरी कुणी आधी सांगायचं होतं!" ती हंबरडा फोडून म्हणाली. "कुणीच सांगितलं नाही गं!"

दगडावरच्या पालीने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती चुकचुकली असती, तर तेही खरं ठरलं असतं.