उरलेलं सल्फेट

“आणि बायको कशी आहे रे? बोलते का?”

“पोटॅशियम आहे, सर. हजर सगळीकडे, भाग कशातच नाही.”

आत दोघं खळखळून हसले.

बाहेर, शेडच्या खिडकीला लागून असलेल्या झाडाचा कढीपत्ता तोडता तोडता त्रिशलाचा हात थांबला. सरांच्या बायकोनं, काकूंनी, तिला पोह्यांच्या फोडणीसाठी पानं आणायला पाठवलं होतं. ऐकायला नव्हे.

जरा जास्तच पानं तोडून ती स्वयंपाकघरात गेली.

लग्नाला महिनाही झाला नव्हता. अभिनंदन तिला नमस्काराला म्हणून जयसिंगपूरला आवटी सरांकडे घेऊन आला होता, पण नमस्काराचं निमित्त. सरांचे गुडघे बोलायला लागले होते. बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवायची ही पत्र्याची शेड, हा फळा, आता कुणाच्या तरी हवाली करायचा होता.

“मलाच देणार बघ,” मोटारसायकलवर अभिनंदन वाटभर सांगत आला होता. “सरांना माझ्यासारखा विद्यार्थी परत मिळालाच नाही.”

तिनं मागं बसून ऐकून घेतलं होतं.

शेडमध्ये तिघांचे पोहे खाऊन झाले. सर उठले.

“फळा हवाय ना? मग फळ्यापाशी ये.”

“विचारा सर. काहीही विचारा.”

सरांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी स्टोव्हवर काचेचा चंबू ठेवला. त्यात ऑक्झॅलिक आम्ल, थोडं सल्फ्युरिक आम्ल. वरून जांभळ्या पोटॅशियम परमँगनेटचा एक थेंब.

चंबूतलं पाणी गुलाबी झालं आणि गुलाबीच राहिलं.

“बघ हं पोरी,” सर त्रिशलाला म्हणाले. “पहिला थेंब नेहमी असा. नव्या घरात बुजतो...”

रंग हळूहळू फिका झाला. गेला. दुसऱ्या थेंबाचा लवकर गेला. तिसऱ्याचा तर पडता पडताच.

त्रिशलाला हसू फुटलं. सर तिच्याहून मोठ्यानं हसले, इतकी वर्षं बघूनसुद्धा.

“मांड,” ते अभिनंदनला म्हणाले. “चंबूत गेलं ते सगळं फळ्यावर आलं पाहिजे. उरायला काही नको.”

अभिनंदननं खडू घेतला आणि पहिल्याच फटक्यात परमँगनेटमधलं पोटॅशियम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्यावर काट मारली.

“हा नुसता प्रेक्षक. येताना जसा, जाताना तसा. याचं देणं नाही, घेणं नाही.”

म्हणताना त्यानं बायकोकडे बघितलं नाही, हे बायकोनं बघितलं.

मग मात्र हात सुरेख चालला. मँगनीज पाच इलेक्ट्रॉन घेतं, त्याची अर्धी अभिक्रिया वर. ऑक्झॅलिक आम्ल दोन देतं, त्याची अर्धी अभिक्रिया खाली. वरचीला दोननं गुणलं, खालचीला पाचनं.

“दिले दहा, घेतले दहा!” त्यानं दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन ऐटीत उडवले.

“छान. आता सल्फ्युरिक आम्लही लिही.”

त्यानं लिहिलं. डावीकडे तीन सल्फ्युरिक आम्ल. उजवीकडे दोन मँगनीज सल्फेट, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि...

खडू थांबला.

“काय झालं?”

“एक सल्फेट उरतंय, सर.”

“मग कुठं जाईल ते?”



त्यानं ती काट सोडून सगळं पुसलं. पुन्हा मांडलं. इलेक्ट्रॉन तपासले, बरोबर. ऑक्सिजन मोजला, बरोबर. तरी सल्फेट आपलं उरलंच, पंगतीत पान न मिळालेल्या पाहुण्यासारखं.

“सोडून देऊ या का त्याला, लेका?”

“असं कसं सर! चंबूत आहे ना ते!”

“हं... चंबूत आहे खरं.”

अभिनंदनच्या कपाळाला खडू लागला होता आणि वाटभरची ऐट कानांवर लाल होऊन उतरली होती.

सरांच्या लक्षात आलं, ही मुलगी समीकरणाकडे बघतच नाहीये. ती बघतेय फळ्याच्या कोपऱ्यातल्या त्या काटेकडे.

“रसायन होतं का गं तुला?”

“हो.”

“होतं?” अभिनंदन गर्रकन वळला.

बायोडाट्यात बी.एस्सी. लिहिलेलं होतं. बघायला आलेल्यांनी उंची विचारली होती. विषय कुणीच विचारला नव्हता.

सरांनी अभिनंदनच्या हातातला खडू घेतला आणि तिच्यापुढं धरला.

क्षणभर तिला वाटलं, राहू दे असंच अडकलेलं. मग नवऱ्याचं ते पांढरं कपाळ दिसलं. एखाद्या पोराचं असावं तसं.

ती उठली. काट बोटानं पुसली. खालचं पोटॅशियम डावीकडे दोन्ही परमँगनेटना परत जोडलं आणि तीच दोन उजवीकडे, उरलेल्या सल्फेटशेजारी नेऊन लिहिली.

पोटॅशियम सल्फेट.

डावं उजवं सारखं झालं.

सरांनी टाळीच वाजवली. “अहो, ऐकलंत का!” ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले. “जेवूनच जातील ही दोघं!”

मग त्यांनी तिच्या हातातला खडू घेतला, मधोमध मोडला. एक तुकडा तिच्या तळहातावर ठेवला, एक त्याच्या. शेडची किल्ली दोघांच्या मधोमध, बाकावर.

अभिनंदन अर्ध्या खडूकडे बघत राहिला. हळूहळू त्याच्याही चेहऱ्यावर हसू आलं.

“पण ते पोटॅशियम मी सुरुवातीलाच उडवलं होतं की गं. तुला कुठं सापडलं?”

त्रिशलानं त्याच्याकडे बघितलं. मग सरांकडे.

“हरवलं कुठं होतं?” ती दोघांना म्हणाली. “खिडकीपाशी कढीपत्ता तोडत होतं.”